युद्धकाळातली छावणी: खणून शोधावी की न खणता?

पुण्यात पुरातत्त्व म्हटलं की डेक्कन कॉलेज आणि त्यांनी उत्खनन केलेली इनामगावची प्राचीन वसाहत आठवते. पण दुसऱ्या महायुद्धात पुरंदर किल्ल्यावरही जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केलं होतं. अशा जागेचा शोध घ्यायचा तर दोन वाटा आहेत.

पहिली वाट न खणण्याची: भूवेधी रडार (जमिनीत लहरी सोडून खाली काय आहे ते टिपणारं यंत्र), चुंबकीय मापन, जुने नकाशे. जमिनीला धक्का लागत नाही, मोठं क्षेत्र लवकर पाहून होतं. मात्र ही यंत्रं किती चालतात, हे जमिनीवर अवलंबून असतं. कोरड्या वाळूत रडार छान चालतं, आपल्या काळ्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात. शिवाय बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय, त्यामुळे चुंबकीय मापनात खडक कुठला आणि भिंत कुठली, हे ओळखणं अवघड.

दुसरी वाट उत्खननाची. आजच्या पोलंडमधल्या श्टालाग लुफ्ट ३ या जर्मनांच्या युद्धकैदी छावणीतून २४ मार्च १९४४ च्या रात्री दोस्त राष्ट्रांचे ७६ वैमानिक ‘हॅरी’ नावाच्या भुयारातून निसटले; ७३ पकडले गेले, त्यांतल्या ५० जणांना गोळ्या घातल्या. तिथलंच ‘डिक’ नावाचं दुसरं भुयार २००३ मध्ये खणून तपासलं गेलं. पलंगाच्या फळ्यांचा आधार, दुधाच्या डब्यांची हवानळी... माणसाची जिद्द अशी हाताला लागते, ती रडारच्या रेषांत दिसत नाही. पण खणलेला थर पुन्हा तसा रचता येत नाही, आणि आपल्याकडे परवाना लागतो तो वेगळाच.

पुरंदरसाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी कागदपत्रं आणि पायी पाहणी, मग मोजकेच लहान खड्डे. शिवकाळाचे थर तिथेच आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये.