लायसन्स आहे पण गाडी काढायची भीती वाटते? त्यांच्यासाठी रिफ्रेशर क्लासचा रिव्ह्यू (कोथरूड, पुणे)

लायसन्स आहे, गाडी आहे, पण स्टेअरिंगवर बसलं की हाताला घाम सुटतो आणि साध्या साध्या गोष्टी डोक्यातून जातात, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. कोथरूडला एक ताई आहेत, घरी येऊन आपल्याच गाडीवर शिकवतात, अगदी नवशिक्यांना नाही, ज्यांच्याकडे पक्कं लायसन्स आहे पण मनात भीती बसलीय फक्त अशांना. नाव-नंबर जाहीर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही, त्यांच्याकडे सगळे ओळखीतूनच येतात, पण इतकं मनापासून शिकवतात की लिहिल्याशिवाय राहवेना.

माझं लायसन्स २०१४ चं. तेव्हा ज्या क्लासला जायचे तिथे सर शेजारी बसून त्यांच्या बाजूच्या क्लच-ब्रेकवर पाय ठेवायचे, म्हणजे गाडी तेच चालवायचे आणि माझ्या हातात नुसतं स्टेअरिंग. नियमात २१ दिवसांचं ट्रेनिंग आणि निदान १० तास प्रत्यक्ष ड्रायव्हिंग असं लिहिलेलं आहे, पण माझ्या पायांना ते तास कधी मिळालेच नाहीत. नंतर घरच्या गाडीवर प्रॅक्टिस करायला बसलं की शेजारून हे "अगं ब्रेक, ब्रेक!" असं ओरडायचे, काळजीपोटीच ओरडायचे, पण त्याने माझा पाय अजून थरथरायचा. मग गाडी काढणंच बंद झालं. आता यांची बदली नाशिकला झालीय, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला फिजिओला न्यायचं तर रिक्षात चढता-उतरताना तिचे हाल होतात आणि खाली पार्किंगमध्ये गाडी उभी, म्हणून मैत्रिणीने ताईंचं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी आधी लायसन्स, आरसी आणि इन्शुरन्स बघितला आणि मग पूर्ण तासभर गाडी जागेवरच. मी म्हटलं ताई, माझे दोन प्रॉब्लेम आहेत, मी घाबरते आणि मी विसरते. त्या म्हणाल्या, "दोन नाही हो, एकच आहे. मागून हॉर्न वाजला की तुमचं सगळं लक्ष हॉर्नकडे जातं, मग हँडब्रेक वर राहिलाय का, गिअर कितव्यात आहे, इंडिकेटर चालू आहे का, याला डोक्यात जागाच उरत नाही. आणि काहीतरी राहिलं असेल या धास्तीने पुढच्या सिग्नलला तुम्ही आणखी घाबरता." इतक्या वर्षांत मला हे कुणी असं नीट सांगितलं नव्हतं.

त्यांचा उपाय म्हणजे तोंडाने बोलायचं, आणि क्रम कधीही बदलायचा नाही. सीट, आरसे, बेल्ट, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, मग चावी. प्रत्येक गोष्टीला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचं, आणि मध्ये फोन वाजला किंवा कुणी हाक मारली तर परत सीटपासून सुरुवात. रेल्वेत लोको पायलट आणि असिस्टंट सिग्नल दिसला की एकमेकांना मोठ्याने सांगतात, जपानमध्ये तर बोट दाखवून म्हणतात, ते याचसाठी, नुसतं मनात म्हटलं तर म्हटल्यासारखं वाटतं पण झालेलं नसतं. शिवाय १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांमध्ये बेल्टचा बझर, स्पीडचा बीप आणि रिव्हर्सचे सेन्सर सक्तीचे झाले, आमची गाडी त्याच्या आधीची, तिच्यात यातलं काहीच नाही, म्हणजे आठवण करून देणारं माझं तोंडच. पहिले काही दिवस वॉचमनकाका बघायचे, आता त्यांनाही सवय झालीय.

मला सगळ्यात जास्त भीती आमच्या बेसमेंटच्या रॅम्पची. वर गेटपाशी थांबावं लागतं, मागे दुसरी गाडी, आणि आपली मागे सरकली तर? ताईंनी यावर दोन पूर्ण क्लास दिले आणि अजिबात घाई केली नाही. हँडब्रेक ओढलेला, फर्स्ट टाकायचा, क्लच इतका हळू सोडायचा की इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं दिसतं, तिथे पाय थांबवायचा, अॅक्सिलरेटर थोडा द्यायचा आणि मगच हँडब्रेक खाली. त्यांनी मला काच खाली घेऊन फक्त इंजिनचा आवाज ऐकायला लावला, कितीतरी वेळा, नुसता आवाज जड होईपर्यंत क्लच सोडायचा आणि परत दाबायचा. हाफ क्लच हा शब्द मी शंभर जणांकडून ऐकला असेल पण तो पायाला कळला तो त्या रॅम्पवर. गाडी बंद पडली तर त्या एकच वाक्य बोलतात, "बंद पडलेली गाडी कुणाला धडकत नाही, क्लच दाबा, न्यूट्रल, चालू करा." आवाज चढत नाही, आणि माझ्यासारखीला याचं मोल काय आहे ते मलाच माहीत.

रस्त्यावर नेतात त्या सकाळी साडेसहाला, आधी गल्ल्या, मग कर्वे पुतळा, मग पौड रोड. चांदणी चौकाचं मला फार टेन्शन होतं, जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन उड्डाणपूल सुरू झाला तेव्हापासून तिथे इतके रॅम्प झालेत की नेहमीचे लोकही चुकतात. ताईंनी तिथे आधी स्वतः गाडी चालवली, मला शेजारी बसवून नुसते बोर्ड वाचायला लावले, बावधन, मुळशी, वारजे, मुंबई. आणि एक नियम पाठ करून घेतला, की रॅम्प हुकला तर हुकला, पुढे जायचं, तिथे ब्रेक मारून मागे यायचं नाही. नवले पुलाकडे मात्र त्यांनी मला नेलंच नाही, कात्रज बोगद्यापासूनचा तो लांब उतार आणि मागून भरलेले ट्रक, तिथे घाबरणाऱ्याला इतक्यात नेणं बरोबर नाही म्हणाल्या. पुढे कधी गेलात तर गिअरमध्येच उतरा, न्यूट्रल करून कधीच नाही, हे मात्र बजावून सांगितलं.

विसरण्यावर त्यांचे बाकीचे उपाय साधे आहेत. गाडी लावली की उतरायच्या आधी गूगल मॅप्समध्ये निळ्या टिंबावर टॅप करून पार्किंग सेव्ह करायचं, मॉलमध्ये पिलर नंबरचा फोटो. पुण्यात पी-१, पी-२ चे बोर्ड आहेत, एका बाजूला विषम तारखेला लावायची आणि दुसऱ्या बाजूला सम, तर तारीख बघितल्याशिवाय दरवाजा उघडायचा नाही, नाहीतर टोइंगवाले आहेतच. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये, ते चालतं. पीयूसी आणि इन्शुरन्सची तारीख फोनमध्ये.

आता न आवडलेलं. तासाला ७०० रुपये घेतात, स्वस्त नाही, आणि पैसे चार क्लासचे एकदम द्यावे लागतात. आपल्या गाडीला डबल ब्रेक नसतो, त्यांचा हात हँडब्रेकवर असतो तेवढाच आधार, म्हणून ज्यांनी कधीच गाडी चालवली नाही त्यांनी आधी डबल कंट्रोलवाल्या शाळेतच जावं. रात्रीचं आणि पावसातलं ड्रायव्हिंग त्या शिकवत नाहीत, आणि पुण्यात चार महिने पाऊस असताना ही मोठी कमी आहे. समोरच्या गाडीचे हेडलाइट डोळ्यावर आले की मला अजूनही काही सुचत नाही, त्यासाठी दुसरं कुणीतरी शोधावं लागणार. दिवसा मात्र आईला मी एकटीने नेते-आणते, तोंडाने क्रम म्हणत, आणि आई मागच्या सीटवर पाय लांब करून निवांत बसते. तिच्यासाठी म्हणून तरी हे पैसे मला जड वाटले नाहीत.

सध्या महिनाभराचं वेटिंग आहे, रविवारी सुट्टी असते, आणि पहिल्या दिवशी नवऱ्याला किंवा भावाला मागे बसवू का विचारू नका, त्या नाहीच म्हणतात.