नंबर सिममध्ये की गूगलवर, फोन कोणत्या सिमवरून, निरोप कशावर? गावातल्या फोनसाठी समोरासमोर तुलना

कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या गावात नवे फोन येतात. दारव्हा तालुक्यात माझं रिचार्ज आणि ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. फोन घेतल्यावर दोन-तीन दिवसांत माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक तीन गाऱ्हाणी घेऊन. जुने नंबर गेले, वावरात फोन लागत नाही, ओटीपी येत नाही. मागच्या आठवड्यात एक काकू पिशवीत दोन्ही फोन घेऊन आल्या. जुन्याची काच फुटलेली, नवा अजून प्लास्टिकच्या कागदात. "ताई, साऱ्याईचे नंबर आले, माह्या पोरीचाच कुठी गेला वं माय?"

नवा फोन चांगला होता. पोरीचा नंबर जुन्या फोनच्या मेमरीत होता आणि बाकीचे सिममध्ये, एवढंच झालं होतं. असे निर्णय आपल्या वतीने कोणीतरी घाईत घेऊन टाकतं आणि आपल्याला ते नड पडली तेव्हाच कळतात. म्हणून पर्याय समोरासमोर ठेवते. माझं माप एकच आहे. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहून, डेटा नसताना आणि घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाच्या हातात जे चालेल, ते आपल्या कामाचं.

नंबर कुठे ठेवायचे

सिम कार्डात साधारण २५० नंबर मावतात. फायदा असा की सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं की नंबर सोबत येतात. पण नावाला जागा फार थोडी असते आणि मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातात. "मोठी मामी घाटंजी" आणि "मोठी मामी पुसद" अशी दोन नावं टाकली की सिममध्ये दोन्ही ठिकाणी "मोठी मामी" एवढंच उरतं आणि फोन भलत्याच मामीला लागतो. दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. सिम हरवलं म्हणून त्याच नंबरचं दुसरं काढलं किंवा कंपनी बदलून पोर्ट केलं, तर हातात येतं ते कोरं कार्ड. नंबर तोच राहतो, आतली नावं मात्र जुन्या कार्डासोबतच जातात.

फोनच्या मेमरीत नाव पूर्ण बसतं, फोटोही लागतो. पण फोन गेला की सगळं गेलं. माझ्या भावाचा फोन ओलिताच्या पाटात पडला. तालुक्याला दुरुस्तीला दिला, तर "सॉफ्टवेअर मारून दिलं" म्हणून परत मिळाला. चालू झाला होता, पण आतून पूर्ण पुसलेला. थ्रेशरवाला, मजुरांचा मुकादम, जनावरांचे डॉक्टर, सगळ्यांचे नंबर गेले, तेही ऐन सोंगणीच्या आठ दिवस आधी. दुरुस्तीला देण्याआधी "यात माझे नंबर आहेत, पुसायच्या आधी विचारा" एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. ते राहून गेलं, याची हळहळ मला अजून आहे.

गूगल खात्यात ठेवलेले नंबर जीमेलला जोडलेले असतात. नव्या फोनमध्ये तेच जीमेल टाकलं आणि डेटा चालू केला की थोड्या वेळात यादी हजर. चुकून पुसलेला नंबर ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, तिथून परत आणता येतो. "नेट नसलं तर नंबर दिसतील का?" असं मला रोज कोणी ना कोणी विचारतं. दिसतात. एकदा उतरलेली यादी फोनमध्येही राहते. नेट फक्त नवा बदल पोचवायला लागतं.

माझं मत गूगलच्या बाजूने आहे, पण गावात त्याला दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे प्रत्येक नव्या फोनला नवं जीमेल. दुकानातला पोरगा घाईत खातं उघडून देतो. पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो आणि खातं परत मिळवायचा नंबरही कधी कधी त्याचाच असतो. तीन फोन झाले की तीन खाती, आणि नंबर तिन्हींत विखुरलेले. ज्या वहीत सातबारा आणि बँकेचं पासबुक जपता, त्याच वहीत जीमेल आणि पासवर्ड लिहा, आणि जुनंच खातं पुढे चालवा.

दुसरा खड्डा म्हणजे साऱ्या घराला एकच जीमेल. त्यामुळे पोरीच्या मैत्रिणींचे नंबर काकाच्या फोनमध्ये दिसू लागतात. काका ते नको म्हणून पुसतो आणि पोरीच्या फोनमधूनही ते उडतात, कारण यादी एकच असते. माणशी एक खातं हवंच.

हे ठरलं की संपर्क ॲपच्या सेटिंगमध्ये "नवीन संपर्कांसाठी डीफॉल्ट खातं" बघा आणि तिथे सिम किंवा फोन असेल तर जीमेल निवडा. त्याच सेटिंगमधून सिममधले जुने नंबर आत ओढता येतात. घरी बटणाचा फोन असेल तर रोजच्या कामाचे वीसेक नंबर सिममध्येही राहू द्या, नावं आखूड करून. "मामी घाटं" आणि "मामी पुसद" असं लिहिलं तर दोन्ही मामी ओळखू येतात.

फोन लागण्यासाठी: सिम आणि नेटवर्क

कोणती कंपनी चांगली, याचं उत्तर गावागणिक बदलतं. आमच्या गावात तर पाराजवळ एक लागतं आणि नाल्यापलीकडच्या वावरात दुसरंच. म्हणून जाहिरात बघून सिम घेऊ नका. शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, त्याच्या मोटरपंपाजवळ कोणतं सिम बोलतं ते विचारा. शक्य असेल तर चार दिवस ते सिम आपल्या फोनच्या दुसऱ्या खाचेत टाकून बघा. पटलं तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. पोर्ट हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे आपला नंबर टाकायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा, की कोड येतो.

आता "पसंतीचं नेटवर्क" या सेटिंगकडे या. इथे ऑटो, फक्त ४जी आणि फक्त २जी असे पर्याय भेटतात. बॅटरी वाचते म्हणून कोणी २जी करून ठेवतं. जिओच्या सिमवर हे केलं की फोन मुका होतो, कारण ५ सप्टेंबर २०१६ ला त्या कंपनीने सुरुवातच ४जीपासून केली. खाली २जी, ३जी नाहीच. उलट एअरटेल किंवा व्हीआय असेल आणि व्हिडिओ जोरात चालावा म्हणून पोरांनी "फक्त ४जी" केलं असेल, तर ४जी विरळ असलेल्या वावरात फोनला खाली २जीवर उतरायची मुभाच राहत नाही. करणाऱ्याला ऐकू येतं की तुम्ही संपर्क क्षेत्राबाहेर आहात, आणि तुम्ही मात्र फोन हातात धरून उभे असता. गावात ऑटोच ठेवा आणि सोबत व्होल्टीई चालू ठेवा, म्हणजे ४जीवरूनच बोलणं होतं, आवाज स्वच्छ येतो आणि फोन लवकर लागतो.

दोन सिम एका फोनमध्ये ठेवणाऱ्यांचं एक गाऱ्हाणं खरं तर बिघाडाचं नसतं. आपल्याकडच्या बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असलं की दुसरं तेवढा वेळ गप्प बसतं. सासरच्या माणसांकडे एक नंबर आणि माहेरच्यांकडे दुसरा असेल, तर कोणाला तरी "फोन बंद आहे" ऐकू येणारच. साऱ्यांना एकच नंबर द्या आणि दुसरं सिम डेटापुरतं वापरा.

खर्चाची तुलना मात्र बदलली आहे. फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला, तेव्हापासून कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएसचं रिचार्जही द्यावं लागतं. बटणाचा फोन वापरणाऱ्या आजोबांसाठी हे मोलाचं आहे. ज्या डेटाला हातच लागत नाही त्याचे पैसे कशाला भरायचे? दुकानात गेल्यावर हे रिचार्ज नाव घेऊन मागा. ते आपणहून दाखवलं जाईलच असं नाही.

वायफाय कॉलिंगबद्दल थोडक्यात सांगते. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये हे सुरू केलं, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. जाड भिंतींच्या घरात रेंज नाही पण फायबरचं वायफाय आहे, तिथे सेटिंगमध्ये चालू करा, फरक लगेच कळतो. चिखलदरा-धारणीकडे डोंगराच्या आड असलेल्या शाळेत किंवा उपकेंद्रात वायफाय असेल तर हा मोठा आधार आहे. पण लाइन गेली की राउटर बंद, आणि सोबत फोनही. ही घराची सोय आहे, वावराची नाही.

घंटीच वाजत नसेल तर आधी वरच्या पट्टीत चंद्रकोर आहे का बघा. ते "व्यत्यय आणू नका", बोट लागून चालू झालेलं असतं. मग ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी. मग कॉल फॉरवर्डिंग. "तुमचं पार्सल आलंय, ४०१ लावून हा नंबर डायल करा" असं सांगून भामटे आपले कॉल आणि फोनवरचे ओटीपी स्वतःकडे वळवत. म्हणून १५ एप्रिल २०२४ पासून दूरसंचार विभागाने असे डायल-कोडचे फॉरवर्डिंग थांबवायला लावलं. तरीही फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघा आणि अनोळखी नंबर दिसला तर बंद करा. पैसे गेलेच असतील तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

निरोप: एसएमएस, आरसीएस की व्हॉट्सॲप

शेतकऱ्याला एसएमएसकडे दुर्लक्ष करून भागत नाही. ई-पीक पाहणीचा ओटीपी त्यावर, बँकेचा त्यावर, आधारचा त्यावर. हमीभावाने सोयाबीन विकायला नोंदणी केली की माल कधी आणायचा तेही एसएमएसवरच कळतं, तो आल्याशिवाय गाडी भरून जाण्यात अर्थ नसतो. आमच्याकडच्या एका दादांनी रोज फोन बघितला आणि मेसेज नाही म्हणून थांबले. तो येऊन पडला होता मेसेज ॲपच्या "स्पॅम आणि ब्लॉक केलेले" या कप्प्यात, आणि तारीख निघून गेली होती. माल घरात, भाव व्यापाऱ्याच्या हातात. हंगामात हा कप्पा दर दोन दिवसांनी उघडा. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर येतं. जी असेल तर सरकारी, पी असेल तर जाहिरात. खरा-खोटा मेसेज ओळखायला याचा उपयोग होतो, तरी त्यातली लिंक दाबण्याआधी विचारा.

एसएमएसला डेटा लागत नाही, रेंजची एखादी काडी असली तरी तो निघतो, आणि बटणाच्या फोनवरही पोचतो. त्याची मर्यादा अक्षरांची आहे. इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं मिळतात, मराठीत ७०, आणि त्यात काना-मात्रा-अनुस्वारही वेगळे मोजले जातात. "मळणीयंत्र उद्या सकाळी येणार, पोती आणि ताडपत्री तयार ठेवा" एवढ्यात ५६ झाले. पुढे डिझेलचं सांगायला गेलात की दोन मेसेज. बहुतेक रिचार्जमध्ये दिवसाला १०० मिळतात, त्यामुळे घरच्या निरोपांना अडचण येत नाही.

आरसीएस त्याच मेसेज ॲपमध्ये राहतं, म्हणून लोकांची गल्लत होते. ते दिसतं एसएमएससारखं, पण जातं डेटावरून. लिहायच्या पट्टीत आरसीएस दिसत असेल तर निरोप डेटाची वाट बघणार. शहरातल्या दोन स्मार्टफोनवाल्यांना ते छान आहे, फोटो स्वच्छ जातो. गावात आई-वडिलांच्या फोनवर मी ते बंद करून देते. चालू ठेवायचंच असेल तर "पोचला नाही तर आपोआप एसएमएसने पाठवा" हा पर्याय सुरू ठेवा. आणि सिम काढून बटणाच्या फोनमध्ये टाकणार असाल, तर आधी स्मार्टफोनमधलं आरसीएस बंद करा. नाहीतर काही दिवस लोकांचे निरोप जुन्या फोनच्या नावाने जात राहतात आणि तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

व्हॉट्सॲपची खरी ताकद मला आवाजात दिसते. ज्या आजीला अक्षर ओळखत नाही, ती बटण दाबून बोलते आणि पुण्यातला नातू ऐकतो. बोंडअळीचं बोंड फोडून त्याचा फोटो कृषी सहायकाला पाठवायलाही याच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र काही फोन बॅटरी वाचवायला त्याला मागून झोपवतात आणि ॲप उघडल्यावर सगळे निरोप एकदम येऊन पडतात. ॲपच्या माहितीत बॅटरी या ठिकाणी "निर्बंध नाहीत" केलं की थांबतं. बातमी लगेच पोचायची असेल, दवाखान्याची, मयतीची, तर व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका. सरळ फोन लावा.

आई-वडील दोघंच गावात असतील तर मी असं बसवून देते. आधार आणि बँकेला जोडलेला नंबर पहिल्या खाचेत, त्याचं रिचार्ज कधी संपू द्यायचं नाही. नेटवर्क ऑटो, व्होल्टीई चालू, आरसीएस बंद, नंबर त्यांच्या स्वतःच्या जीमेलवर आणि घरच्यांचे सिममध्येही. वावर करणारा तरुण असेल तर दुसऱ्या खाचेत त्याच्या धुऱ्यावर चालणारं सिम, डेटा त्यावर.

पोरांनो, दिवाळी करून परत निघायच्या आधी एक काम करून जा. वडिलांना फोन घेऊन विहिरीवर पाठवा, डेटा बंद करायला सांगा, आणि घरून दोन्ही सिमवर एकेक फोन आणि एकेक एसएमएस करा. मग तेच त्यांना तिकडून करायला लावा. जे पोचलं नाही, त्याचं सेटिंग एसटी यायच्या आत नीट करता येतं.