ब्रोटॅटोचे सात महिने: हिरव्या ओळी सगळेच वाचतात

आधीच कबूल करतो, मी काही फार हुशार खेळाडू नाही. ब्रोटॅटो या गेमच्या सगळ्यात अवघड पातळीवर, म्हणजे डेंजर 5 वर, जिंकलेले रन (पूर्ण डाव) मोजायला बसलो तर हरलेल्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण सात महिने जवळजवळ रोज एक-दोन रन झालेत आणि त्यातला निम्मा वेळ शॉपच्या स्क्रीनकडे बघत डोकं खाजवण्यात गेलाय. लिहायचंय ते त्या खाजवण्याबद्दलच.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2022 मध्ये अर्ली ॲक्सेसला (अपुरा असतानाच विक्रीला) आलेला आणि 2023 मध्ये पूर्ण झालेला गेम. तुम्ही बटाटा, हातात जास्तीत जास्त सहा शस्त्रं, चहूबाजूंनी एलियन. गोळीबार आपोआप होतो, तुम्ही फक्त पळायचं. वीस वेव्ह, म्हणजे हल्ल्याच्या फेऱ्या. पहिली 20 सेकंदांची, मग वाढत वाढत 60 पर्यंत, आणि शेवटची 90 ची. मेलेल्या एलियनकडून पडणारं मटेरियल हाच पैसा. दर वेव्हनंतर शॉप उघडतं, समोर चार वस्तू. घ्या, लॉक करा, नाहीतर पैसे देऊन रीरोल मारा, म्हणजे नव्या वस्तू मागवा. म्हणजे बोटांचं काम मिनिटभराचं. हरणं-जिंकणं बहुतेक वेळा शॉपमध्येच ठरलेलं असतं.

प्रत्येक आयटमवर हिरव्या ओळी असतात, त्या फायद्याच्या. बहुतेकांवर एखादी लाल ओळही असते. पहिले दोन महिने मी फक्त हिरव्या वाचल्या. डॅमेज (आपला मारा) वाढतंय? घे. अटॅक स्पीड? घे. दहाव्या वेव्हपर्यंत राजासारखा फिरायचो आणि पंधराव्यात कोणी कधी मारलं तेही कळायचं नाही.

डोळे उघडले ते ग्लास कॅननने. डॅमेज +25 टक्के, आर्मर (लागणारा मार कमी करणारं चिलखत) −3. चाकू-मुठींचा रन होता, चौदावी वेव्ह संपलेली. शॉपमध्ये हा आणि एक साधं हेल्मेट शेजारी शेजारी, आणि पैसे एकापुरतेच. माझं डॅमेज आधीच +60 टक्के, आर्मर जेमतेम 2. अर्थात ग्लास कॅनन घेतला. पुढच्या वेव्हमध्ये बारा सेकंद शिल्लक असताना धाव घेत येणाऱ्या एका एलियनची धडक बसली आणि खेळ खलास. चिडून कागद घेतला आणि पहिल्यांदा नीट हिशोब मांडला.

टक्केवारीचं डॅमेज एकमेकांत मिळवलं जातं. 160 चं 185 झालं, म्हणजे खरी वाढ 25 टक्के नाही, साधारण 16. आणि आर्मरचं गणित असं की 15 आर्मरला मार निम्मा होतो. सूत्र 15 भागिले (15 अधिक आर्मर). 2 आर्मरवर शंभराची धडक 88 ची लागत होती. −1 झाल्यावर (शून्याखाली सूत्र थोडं बदलतं) तीच 106 ची. म्हणजे 16 टक्के जास्त मारण्यासाठी मी 20 टक्के जास्त मार खायला तयार झालो होतो, वर पैसेही मोजले होते! हाच आयटम तिसऱ्या वेव्हमध्ये आला असता, डॅमेज शून्याच्या आसपास असताना, तर पूर्ण 25 टक्के पदरात पडले असते. आणि आर्मर 20 च्या घरात असतं तर 3 गेल्याने मार 9-10 टक्केच वाढला असता. आयटम तोच. सौदा फायद्याचा की घाट्याचा, हे त्या क्षणी तुमच्याकडे आधीच काय आहे त्यावर ठरतं.

तेव्हापासूनची माझी पद्धत: एकाच स्टॅटवर (डॅमेज, आर्मर असा एखादा आकडा) थर चढवले की प्रत्येक नवा थर पातळ होत जातो, पण वेगवेगळे स्टॅट एकमेकांना गुणतात. मॅक्स एचपी (जास्तीत जास्त जीव) 40 आणि आर्मर 15 असेल तर ते 80 एचपीसारखं चालतं. त्यावर आणखी 10 एचपी घेतले तर ते 20 सारखे. आणि इथली गंमत मला फार उशिरा कळली: लाइफ स्टील (मारताना जीव परत मिळण्याची शक्यता) लागलं की एक एचपी परत मिळतो, पण 15 आर्मरवर तो एक एचपीसुद्धा दुप्पट कामाचा. ‘लाइफ स्टील कमी पडतंय’ म्हणून मी कित्येक रनमध्ये आणखी लाइफ स्टील शोधत बसलो. कमी पडत होतं ते आर्मर.

डॉजचं, म्हणजे धडक साफ चुकण्याच्या शक्यतेचं, मात्र उलटं. पहिले दहा टक्के घेतले की शंभर धडकांतल्या नव्वद लागतात, फारसं जाणवतही नाही. पन्नासावरून साठावर गेलात की पन्नासाच्या चाळीस होतात, म्हणजे मार पाचव्या हिश्शाने कमी. म्हणून डॉज घ्यायचा तर शेवटपर्यंत न्यायचा, नाहीतर वाटेला जायचंच नाही. मर्यादा 60 टक्क्यांची (घोस्ट या पात्राला 90), त्यापुढे घेतलेलं सगळं वाया. हे कळायच्या आधी मी एकदा अठ्ठ्याहत्तरपर्यंत चढवला होता आणि स्वतःवर खूशही होतो.

आता लाल ओळी. त्या वाईट नसतात, त्यांना जिरवायला जागा लागते. इंजिनिअर हे पात्र घ्या. त्याचं काम टरेट (आपोआप मारणाऱ्या तोफा) करतात, आणि टरेटच्या माऱ्याला टक्क्यांच्या डॅमेजशी देणंघेणं नाही, ते इंजिनिअरिंग या वेगळ्या स्टॅटवर चालतात. केक घेतला की 3 एचपी वाढतात आणि 1 टक्का डॅमेज जातं; इंजिनिअरला तो टक्का गेला काय नि राहिला काय, केक जवळजवळ फुकट. उलट ग्लास कॅनन त्याच्यासाठी म्हणजे पैसे देऊन फक्त लाल ओळ विकत घेणं. स्कार नावाचा आयटम रेंज (माऱ्याचा पल्ला) खातो पण एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) वाढवतो. मुठी घेऊन फिरणाऱ्याला चालतो, लांबून मारणाऱ्याला मी दोनदा विचार करायला सांगेन.

एसएमजी, म्हणजे भराभर गोळ्या झाडणारी हलकी बंदूक, घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. समजा शस्त्राचा मूळ मारा 3 आहे आणि रेंज्ड डॅमेजचा (लांबून मारण्याचा वेगळा स्टॅट) निम्मा भाग त्यात मिळतो. अशा वेळी 30 टक्के डॅमेज घेऊन 3 चे फार तर 4 होतात. पण रेंज्ड डॅमेज 4 घेतलं तर 3 चे 5. भराभर चालणाऱ्या हलक्या शस्त्राला आधी हा सुटा आकडा द्यायचा, टक्केवारी मागाहून. एकेक गोळी जड असलेल्या शस्त्राला टक्केवारी आधी घेतली तरी भागतं.

हार्वेस्टिंग या स्टॅटबद्दल लोक खूप बोलतात, म्हणून थोडक्यात: दर वेव्हच्या शेवटी पैसा आणि एक्सपी देतं आणि स्वतः 5 टक्क्यांनी वाढतं. पहिल्या पाच-सहा वेव्हमध्ये सोनं, बारानंतर कचरा. साठवलेल्या पैशावर व्याज देणाऱ्या पिगी बँकेचंही तसंच, लवकर आली तरच. लक या स्टॅटबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. चांगल्या दर्जाच्या वस्तू आणि पेट्या जास्त मिळतात हे खरं, पण त्याच्या नादात हातात काहीच नसताना आठवी वेव्ह गाठायची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे.

शस्त्रांचं एकत्रीकरण हे प्रकरण मात्र मनापासून आवडतं. एकाच दर्जाची दोन सारखी शस्त्रं जोडली की वरच्या दर्जाचं एक, आणि हातातली एक जागा रिकामी. शॉप तुमच्याकडे आहेत तीच शस्त्रं परत दाखवण्याकडे झुकतं, त्यामुळे सुरुवातीला दोन-तीनच प्रकार धरून राहिलेलं बरं. सहा हातांत सहा वेगळी खेळणी छान दिसतात, पण ग्लॅडिएटर (वेगवेगळ्या शस्त्रांचा फायदा मिळणारं पात्र) नसाल तर हा शौक महागात पडतो.

रीरोलचा मोह हा माझा जुना आजार. एकाच शॉपमध्ये प्रत्येक रीरोल आधीच्यापेक्षा महाग होतो, आणि ‘अजून एकदाच’ म्हणता म्हणता कामाच्या वस्तूचे पैसे उडून जातात. हल्ली दोनवर थांबतो. निदान थांबायचं ठरवतो. परवडत नसलेली चांगली वस्तू लॉक करून बाहेर पडतो. जमिनीवर राहिलेलं मटेरियल पिशवीत जमा होतं आणि पुढच्या वेव्हला उचललेल्या मालाबरोबर दुप्पट होऊन मिळतं, त्यामुळे शेवटच्या दोन सेकंदांत एका कणासाठी गर्दीत घुसून मरू नका. मी मेलोय.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. काही रनमध्ये आर्मर असं रुसून बसतं की बाराव्या वेव्हलाच निकाल कळतो, तरी पुढची आठ ओढत न्यायची. स्टॅटमागची सूत्रं गेममध्येच आणखी ठळक दिसली असती तर माझा तो कागद वाचला असता. आणि 2024 च्या ॲबिसल टेरर्स या डीएलसीमध्ये (वेगळा विकत घ्यायचा जोडभाग) आलेला कर्स हा स्टॅट म्हणजे आणखी एक डोकेदुखी: शापित आयटम जास्त जोरकस, पण शापित एलियनही तेवढेच तगडे. कर्स किती चढवायचा याचा हिशोब माझा अजून बसलेला नाही. परवा 40 वर नेला, एकोणिसावी वेव्ह आरामात गेली, आणि विसाव्यात दोन बॉस समोर असताना तब्बल सहा सेकंद टिकलो. आर्मर किती होतं ते विचारू नका.