बाल्कनीत झुकिनी लावावी की दोडका?

बियांचं पाकीट घ्यायच्या आधी मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि बाल्कनीचं तोंड कुठे आहे ते बघा. ठाणं-नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतपर्यंत येतं. जूनमध्ये तो दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि त्याच बाल्कनीत कठड्यापुरतंच ऊन उरतं. झुकिनी आपल्याकडे हिवाळ्याचं पीक, दोडका पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा. तेव्हा दक्षिणेची बाल्कनी असेल तर झुकिनीच लावा. मोकळी गच्ची असेल तर दोन्ही जमतात. उत्तरेच्या बाल्कनीत मात्र अळू लावा, ते सुखाने वाढेल.

जागेचा हिशेब दोघांचा उलटा आहे. झुकिनी वेलासारखी चढत नाही, तिचं झुडूप होतं आणि पानं तीन-तीन फूट पसरतात. तिला ३०-४० लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग लागते, आणि एका कुंडीत एकच रोप. दोन रोपं दाटीवाटीने लावली की दोन्ही खुरटतात. भिजल्यावर ही कुंडी चांगलीच जड होते, त्यामुळे ती जमिनीवरच ठेवा, खिडकीच्या ग्रिलमध्ये नको. दोडक्याला २०-२५ लिटर माती पुरते, पण वर चढायला आठ-दहा फूट दोरी किंवा जाळी हवी. सोसायटी बाहेरून दोऱ्या बांधू देत नसेल तर दोडक्याचा विचार तिथेच थांबतो.

खरा फरक फुलांच्या वेळेत आहे. निर्णय घ्यायला मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोघांतही नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं. मादीफुलाच्या देठाशी इवलंसं फळ असतं. घोडबंदरच्या किंवा खारघरच्या चौदाव्या मजल्यावर मधमाशीच्या भरवशावर राहू नये, परागीभवन हातानेच करावं. झुकिनीचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. म्हणजे सकाळची लोकल पकडण्याआधी नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला पिवळा पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. हे चुकलं की कोवळं फळ टोकाकडून पिवळं पडून कुजतं. लोकांना तो रोग वाटतो, ते औषध फवारत बसतात. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे ऑफिसातून परतल्यावरही काम होतं. सकाळ धावपळीची असेल तर दोडका तुमचा.

सुरुवातीला बहुतेक नरफुलंच येतात. धीर धरा. झुकिनीची निदान दोन रोपं दोन कुंड्यांत ठेवा, म्हणजे नर आणि मादी फुलं एकाच दिवशी मिळण्याची शक्यता वाढते.

झुकिनीचं बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात टाका, साधारण दीड महिन्यात पहिलं फळ मिळतं. दोडका जूनमध्ये किंवा जानेवारीअखेरीस लावा, त्याला दोन महिने लागतात, पण एकदा धरला की बरेच दिवस देत राहतो.

झुकिनीला भुरीचा, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीचा त्रास होतो. पण तिच्या पानांवर मुळातच चंदेरी ठिपके असतात, ते पाहून घाबरू नका. बोट फिरवल्यावर पांढरी पूड हाताला लागली तरच ती भुरी. पाणी पानांवर नको, मुळाशी घाला. दोडक्याला पावसाळ्यात फळमाशी छळते. फळ बोटाएवढं झालं की त्यावर कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. कागदी असेल तर भिजली की बदला.

दक्षिणेची बाल्कनी असेल तर मी झुकिनी सुचवेन. चवीच्या बाबतीत मात्र माझं मन दोडक्याकडे झुकतं, कारण भाजी झाल्यावर शिरांची तीळ-खोबरं घालून चटणीही होते. झुकिनी सहा-सात इंचांची झाली की काढा. दोन दिवस जास्त राहिली तर आत बिया भरतात आणि झाड नवी फुलं धरायला आळसावतं. दोडकाही कोवळाच काढा, नाहीतर आत जाळी होते. दोघांपैकी कुठल्याही फळाची चकती आधी जिभेला लावून बघा, कडू लागली तर ते फळ टाकून द्या.