व्हिडिओतला तो माणूस मीच

पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला असेल. गच्चीवर उभा असलेला साठीतला माणूस, चौकड्याचा शर्ट, कपाळावर घाम, तरी दात काढून बोलतोय. मागं पांढरीशुभ्र गच्ची चकाकतेय. तो म्हणतो, "काम एक नंबर झालंय. माणसं प्रामाणिक आहेत. बिनधास्त द्या." तो माणूस मी. त्या अर्ध्या मिनिटाच्या बोलण्याचे मला दोन हजार रुपये सूट म्हणून मिळाले, आणि त्याच बोलण्यावर विसंबून आणखी चौघांनी आपली गच्ची गळती थांबवून देतो म्हणणाऱ्या त्या लोकांच्या हवाली केली. त्यातला एक माझा मेहुणा. म्हणून हे लिहितोय.

आमचं घर कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला, दोन गुंठ्यांत. स्लॅब २००४ सालचा. जिन्याच्या कडेला छताला दर पावसाळ्यात जेवणाच्या ताटाएवढी ओल यायची, दसऱ्यापर्यंत वाळायची, पोपडे पडायचे, दिवाळीत मी लांबी (पुट्टी) भरून रंग मारायचो. वीस वर्षं असंच चाललं होतं. खरं म्हणजे ते काही मोठं दुखणं नव्हतं.

२०२४ च्या मे महिन्यात दुपारी एक चारचाकी दारात थांबली. तिघं होते. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं. "काका, तुमच्या समोरच्या सरांकडं काम चालू आहे, त्यांनीच सांगितलं तुमच्याकडं बी ओल आहे म्हणून. तपासणी फुकट आहे, बघून जातो." समोरचे सर म्हणजे कॉलनीतला शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांचं नाव निघाल्यावर मी फाटक उघडलं.

त्यांच्याकडं दोन खिळ्यांचं एक छोटं यंत्र होतं. भिंतीला टेकवलं की पीं असा आवाज करायचं आणि लाल दिवा लागायचा. हॉलमध्ये पीं, बेडरूममध्ये पीं, देवघरात पीं. सौ. म्हणाली, "आवं, ह्या भिंतीला तर कधी ओल आल्याली न्हाई." त्यावर त्यातला मोठा गंभीर चेहरा करून म्हणाला, "मावशी, आत मुरलंय. सळईला गंज धरला की स्लॅब खाली येतोय बघा." नंतर एका इंजिनिअर भाच्यानं सांगितलं की असली यंत्रं दोन खिळ्यांमधून वीज किती सहज जाते एवढंच बघतात. जुन्या गिलाव्यात क्षार साठलेले असले किंवा आत धातूची पट्टी असली तरी ती ओरडतात. पण 'स्लॅब खाली येतोय' हे एकदा कानावर पडलं की माणूस यंत्राकडं कुठं बघतो, तो छताकडं बघत बसतो.

आता माझी खरी लाज सांगतो. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ३१ वर्षं इन्स्पेक्शनला काढली. बारीक माप घ्यायचं व्हर्निअर हातात घेतल्याशिवाय कास्टिंग पुढं सोडलं नाही. आणि स्वतःच्या गच्चीचं माप घेताना मी खाली चहा सांगायला गेलो होतो. दोघांनी टेप धरला, तिसऱ्यानं मोबाईलवर आकडा मारला: १,४८० चौरस फूट. मी मान डोलावली. पुढं जुलैत टेप घेऊन वर गेलो तेव्हा गच्ची भरली २८ बाय ३४, म्हणजे ९५२. कठड्याला आतून फूटभर वर घ्यायचं म्हणून चारी बाजूंचे १२४ धरले तरी १,०७६ होतात. म्हणजे ४०४ चौरस फूट हवेवर काम केलं त्यांनी. चौरस फुटाला ६५ रुपये दरानं त्या हवेचे झाले २६,२६०.

त्यांच्या मापानं बेरीज झाली ९६,२००. मी घासाघीस केली, तर लगेच ९० हजारांवर आले. मला वाटलं सहा हजार मारले आपण. मग म्हणाले, "पक्कं बिल पाहिजे असंल तर १८ टक्के जीएसटी वर लागंल काका. नको असंल तर राहू दे." नको म्हणालो. सोळा हजार आणखी वाचले की! त्या क्षणी मी स्वतःच्या हातानं स्वतःचा पुरावा फाडून टाकला होता, पण तेव्हा हुशारी वाटत होती. शेवटी व्हिडिओचे दोन हजार वजा होऊन सौदा ८८ हजारांना ठरला. ५० आधी, ३८ काम झाल्यावर. यूपीआयनं पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा भलत्याच माणसाचं आलं. "अकाउंटंटचं खातं आहे," म्हणाले.

बोलणं होतं गच्चीवरचा जुना कोबा (सिमेंटचा थर) तारेच्या ब्रशनं घासून धुणार, तडे खोलून भरणार, कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात सिमेंटचा गोलसर वाटा मारणार, मग प्रायमर, त्यावर जाळी टाकून केमिकलचे तीन हात. असं काम नीट करायचं तर चार-पाच दिवस लागतात, कारण भरलेले तडे वाळायला हवेत आणि दोन हातांच्या मध्येही वेळ द्यावा लागतो. त्यांनी सकाळी नऊला झाडू मारला आणि संध्याकाळी पाचला गच्ची पांढरी करून दिली. बादल्यांवर नावाजलेल्या कंपनीचं लेबल होतं. सील मात्र फोडताना मी पाहिलं नाही. बादल्या उघड्याच वर आल्या होत्या. त्यात नळाचं पाणी ओतताना पाहिलं तेव्हा विचारलंही. "घट्ट असतंय काका, पातळ केल्याशिवाय मुरत न्हाई."

पाणी साठवून बघू का, असं मी एकदा म्हणालो होतो. तर तो म्हणाला, "केमिकलला आठवडाभर पाणी लावायचं न्हाई. आणि उन्हाळ्यात एवढं पाणी नासणार काका?" आमच्याकडं नळाला एक दिवसाआड पाणी. माझ्या गच्चीवर दोन इंच पाणी उभं करायचं म्हणजे साडेचार हजार लिटर लागतं. मला पटलं. पण अख्खी गच्ची कशाला भरायची? जिथं गळतं त्या भागाभोवती माती-सिमेंटचा बांध घालून आळं करायचं, उसाच्या सरीत पाणी थोपवतो तसं. पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाईपचं तोंड त्या आळ्यात येत असेल तर कापडाचा बोळा कोंबायचा, पाण्याच्या पातळीला खडूनं खूण करायची आणि दोन-तीन दिवस खालून छत बघत राहायचं. उन्हानं थोडं आटतंच, पण छताला डाग आला की कळतं. हे सगळं शेवटचा हप्ता द्यायच्या आधी करायचं असतं. आठवडाभर थांबायचं असेल तर पैसेही आठवडाभर थांबू शकतात, हे मला सुचलं नाही.

गच्चीवर उभं करून त्यांनी माझा व्हिडिओ घेतला. काय बोलायचं ते त्यांनीच सांगितलं. 'प्रामाणिक' हा शब्द मी विसरलो म्हणून दुसऱ्यांदा घेतला. मग मेहुण्याचा नंबर मागितला, तोही दिला.

जूनमधल्या पहिल्या सरी आल्या आणि छत कोरडं राहिलं. मी कॉलनीभर कौतुक सांगत फिरलो. पण तापलेला स्लॅब वीस मिनिटांची सर पिऊनच टाकतो, त्यात परीक्षा होत नाही. परीक्षा होते झडीत. जुलैत तरणा पाऊस लागला. त्याच महिन्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. रात्री अडीच वाजता सौ.नं उठवलं. हॉलमधल्या ट्यूबलाइटच्या पट्टीतून पाणी ठिबकत होतं. मेन स्विच बंद केला आणि अंधारात बादल्या लावल्या. वीस वर्षं एका ताटाएवढी असलेली ओल आता तीन खोल्यांत पसरली होती. पाईपच्या तोंडाला त्यांच्या केमिकलचा थर साचून पाणी अडलं होतं, गच्चीचा पार तलाव झाला होता.

पहिला फोन त्यानं उचलला. "उघडीप होऊ दे काका, मग येतो." दुसरा उचलला नाही. तिसऱ्या वेळी नंबरच बंद. दहा वर्षांचं हमीपत्र काढून चष्मा लावून वाचलं, तर खाली बारीक अक्षरात होतं की ढाळ कमी असल्यास, उष्णतेनं तडे गेल्यास किंवा पाणी साचल्यास हमी लागू नाही. पाणी साचत नसतं तर हमी कशाला लागली असती? पत्ता शाहूपुरीतला होता. रेनकोट घालून गेलो, तर तिथं चपलांचं गोडाऊन. हमीपत्रावरचा जीएसटी नंबर भाच्यानं जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघितला; त्याला ना लॉगइन लागतं, ना पैसे. नंबर १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. यावर होते २९, म्हणजे कर्नाटक, आणि नाव निघालं भलत्याच एका कापडवाल्याचं. ह्या तपासाला दोन मिनिटं लागली. ती मे महिन्यात घालवायची होती.

महिनाभर मी कुणाला काही बोललो नाही. काय सांगणार? ज्या तोंडानं 'एक नंबर' म्हणालो त्याच तोंडानं? समोरच्या सरांना रस्त्यात, दुकानात टाळायला लागलो. मजा अशी की तेही मला टाळत होते, आणि मला वाटायचं ते माझ्यावर कशानं तरी रुसलेत.

ऑगस्टमध्ये मंडळाची पोरं वर्गणीला आली. हॉलमध्ये तीन बादल्या बघून त्यातला एक फिस्सकन हसला. "काका, तुमच्याकडं बी? आमच्या घरात पाच हाईत." मग पावतीबुक बाजूला राहिलं आणि त्यानं हिशेबच मांडला. सरांच्या घरी गळतंय, कोपऱ्यावरच्या वहिनींच्या घरी गळतंय, दवाखान्याच्या मागच्या घरात छताचा तुकडा पडलाय. एकट्या आमच्या कॉलनीत सात घरं. सातही घरांनी तोंड शिवून घेतलेलं. सर पहिले होते. जूनच्या शेवटी त्यांचं गळायला लागलं तेव्हा त्यांनी एक शब्द टाकला असता, तर मागून पैसे दिलेली दोन घरं तरी वाचली असती. पण सरांना दोष कुठल्या तोंडानं देऊ? जुलैत मी बोललो असतो तर मेहुणा वाचला असता. त्याचं काम जुलैच्या शेवटी झालं, चार दिवसांची उघडीप बघून. त्यानं मला विचारलं नाही, कारण माझा व्हिडिओ त्याच्याकडं होताच.

आम्ही सात जण सरांच्या घरी बसलो. पोलिसांत अर्ज दिला. यूपीआयच्या पावत्या सातांपैकी पाच जणांकडं होत्या, दोघांनी रोख दिलेले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथं मराठीत बोलता येतं. ग्राहक आयोगाचं म्हणाल तर ५ लाखांपर्यंतच्या कामाच्या तक्रारीला शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. समोरचा कुठला का असेना, आपल्याला त्याच्या गावी जावं लागत नाही. पण नोटीस पाठवायला खरं नाव, खरा पत्ता हवा. आमच्याकडं होतं ते 'अकाउंटंट'चं नाव आणि बंद पडलेला फोन. पैसे अजून मिळालेले नाहीत.

दसऱ्यानंतर पाऊस उघडला तसा आमच्याकडच्या जुन्या गवंड्याला बोलावलं. सत्तरीचा माणूस, हातात हातोडी. त्यानं आधी तो पांढरा थर नखानं उचलला, पापडासारखा निघाला. तुकडा वाटीभर पाण्यात टाकला, तर सकाळपर्यंत पाणी दुधासारखं. चांगलं कोटिंग असं विरघळत नाही. मग गच्चीभर हातोडी ठोकत फिरला. जिथं टणटण वाजलं तिथं काही करायचं नाही, जिथं ढबढब वाजलं तिथं कोबा पोकळ. जिन्याच्या खोलीलगत हातभर जागा पोकळ निघाली आणि पाईपचं तोंड फुटलेलं. तेवढंच फोडून नव्यानं केलं, वाटा मारला, आळं करून तीन दिवस पाणी उभं केलं आणि मगच पैसे घेतले. साडेअकरा हजार. "हे वीस वर्षांपूर्वीच करायचं की वं," म्हणाला.

२०२५ ला मे महिन्यातच पावसानं धुऊन काढलं. छत कोरडं राहिलं. त्याच आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. गडहिंग्लजहून एक बाई बोलत होत्या.

"काका, तुम्ही व्हिडिओतले ना? काम चांगलं झालंय का, एवढंच विचारायचं होतं. आज संध्याकाळी ते ॲडव्हान्स न्यायला येणार आहेत."

माझा नंबर त्यांनी कॉलनीतल्या कुणाकडून तरी मिळवला होता. विचारायचं सुचलेली ही पहिलीच बाई. मी गच्चीवरच होतो, पाईपच्या तोंडातली पानं काढत. तिथंच कठड्यावर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं, १,४८० पासून वाटीतल्या दुधापर्यंत. शेवटी म्हणालो, "त्यांना एवढंच म्हणा, पाणी साठवून तीन दिवस बघणार, मग पैसे."

रात्री परत फोन आला. तसं म्हटल्यावर ते चहासुद्धा न घेता गेले म्हणे. कंपनीचं नाव आता वेगळं आहे, गाडी तीच पांढरी. व्हिडिओ मात्र माझाच दाखवतात.