शाळूची भाकरी आणि तीन तऱ्हेचे दात

सध्या माझ्या तोंडात नकली दातांचे तिन्ही प्रकार एकत्र नांदतायत. वर पुढे काढघालीची कवळी, खाली डावीकडे ब्रिज, उजवीकडे इम्प्लांट. तेव्हा तुलना करायचा हक्क मला आहे.

कवळी सगळ्यात जुनी. पुढचे दोन दात गेले तेव्हा मी एसटीत कंडक्टर होतो, सांगली-इस्लामपूर. गुलाबी अ‍ॅक्रिलिकची पट्टी टाळूला बसते, बाजूच्या दातांना तार अडकते. तीन हजारांत आठवड्यात हातात. पण 'आष्टा' म्हणायची पंचाईत! ष च्या जागी शिट्टी निघायची, आणि कॉलेजची पोरं मुद्दाम विचारायची, "मास्तर, पुढचा स्टॉप कुठला?" जीभ वळायला महिना गेला. पेरूची बी पट्टीखाली गेली की अजून डोळ्यांत पाणी येतं. रात्री काढून पाण्यात ठेवायची. टूथपेस्टनं घासली की चरे पडतात, हे दोन वर्षं घासल्यावर कळलं.

ब्रिजवर माझा राग आहे. पडलेली दाढ एक, आणि तिच्यापायी शेजारच्या दोन धडधाकट दाढा घासून बारीक केल्या, वर तीन जोडकॅपा. हे घासणं त्या दवाखान्यात आधी कुणी बोललंच नाही. चावायला झकास होता, खोटं कशाला बोलू. पण आठव्या वर्षी मागच्या दाढेला कॅपखाली कीड लागली. ब्रिज कापला, रूट कॅनाल केलं, नवा घातला.

म्हणून उजवीकडे दुसऱ्या डॉक्टरांकडे इम्प्लांट. आधी साखर तपासली, स्कॅन काढला, मग हाडात टायटॅनियमचा स्क्रू. भूल दिल्यावर दुखलं नाही, फक्त जबडाभर घरघर. पुढे तीन महिने नुसतं थांबायचं, हाड स्क्रूला धरेपर्यंत. स्वीडनचे संशोधक ब्रॅनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघेना, त्यातून ही विद्या आली. माणसाला पहिले १९६५ साली बसवले, असं डॉक्टरांनी वाट बघता बघता सांगितलं. कॅप बसल्यावर निळा कागद चावायला देतात. डाग उठेल तिथं घासतात. माझी कॅप वाळूचा कण अडकल्यासारखी उंच लागत होती, तीन फेऱ्या झाल्या. एकूण पस्तीस हजार गेले. पण शाळूची कडक भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे आता उजवीकडेच.

वरही इम्प्लांट करा, असं हे डॉक्टर म्हणाले. तिथलं हाड पातळ झालंय, आधी हाड भरावं लागेल. नको म्हटलं. कवळीची तार सैल झाली की ते पक्कडीनं दोन मिनिटांत आवळून देतात, आणि त्याचे पैसे अजून एकदाही घेतलेले नाहीत.