रुग्णालयाचा आपत्ती आराखडा सुधारताना: तोंडी आढावा की निनावी लेखी अभिप्राय?

आपत्तीतही रुग्णसेवा चालू राहावी म्हणून केलेला आराखडा रंगीत तालमीनंतर दुरुस्त करायचा, तर कर्मचाऱ्यांचे म्हणणे कोणत्या पद्धतीने घ्यावे, हे आधी ठरवावे लागते.

तालीम संपताच सर्वांना एकत्र बसवून घेतलेला तोंडी आढावा घटनाक्रम जुळवण्यासाठी अधिक उपयोगी ठरतो. निरोप कुठे अडकला, रुग्ण हलवताना लिफ्टपाशी कोण खोळंबले, हे त्याच तासात नेमके आठवते आणि एकाच्या सांगण्यातला सुटलेला दुवा दुसरा जोडतो. परंतु ऑक्सिजन सिलिंडरच्या खोलीची किल्ली रात्री कुलूपबंद कार्यालयात राहते, हे अधीक्षकांसमोर सांगायला वॉर्डबॉय बहुधा धजावत नाही.

लेखी अभिप्राय निनावी असला की ही भीती कमी होते, आणि रुग्णाला सोडून बैठकीला येऊ न शकलेल्यांचेही म्हणणे पोहोचते. मात्र ‘तयारी समाधानकारक होती का?’ असे विचारले, तर ‘होय’ एवढेच हाती लागते. ‘कोणती वस्तू वेळेवर मिळाली नाही आणि तिच्यावाचून तुम्ही काय केले?’ असे विचारावे. उत्तर अस्पष्ट असेल तर खुलासा मागता येत नाही, ही या पद्धतीची खरी अडचण आहे.

पद्धत कोणतीही असो, विचारायचे कोणाला, याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. २०१२ च्या सँडी चक्रीवादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, पण त्यांना इंधन पुरवणारे पंप तळघरात असल्याने पाण्याखाली गेले आणि माणसांच्या हातांनी जिन्यावरून इंधन वर पोहोचवावे लागले. कोणत्याही इमारतीत पंप कुठे आहेत, हे देखभाल करणाऱ्याला रोज दिसत असते. आढाव्याच्या बैठकीला त्यालाच बोलवायचे राहून जाते.

लहान रुग्णालयाने तोंडी आढावा निवडावा. जिथे वरिष्ठांचा दरारा मोठा आहे, तिथे आधी निनावी अभिप्राय घेऊन तेच मुद्दे बैठकीत वाचून दाखवावेत. प्रत्यक्ष आपत्तीनंतर मात्र एवढ्यावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका अशा वेळी शक्यतो तीन महिन्यांच्या आत सविस्तर आढावा घेण्यास सुचवते.

प्रत्येक मान्य सूचनेपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहावी, आणि बदल झाल्यावर तो तालमीत तपासावा. किल्लीची सूचना आली असेल, तर पुढची तालीम रात्री दोन वाजता, कार्यालय बंद असतानाच घ्यावी.